खोली मोकळी कधीच नसते

तुमच्या गावच्या सभेत मागच्या वेळी तुम्ही हात वर केलात, तेव्हा तो कशासाठी वर करताय हे तुम्हाला नीट ऐकू आलं होतं का?

लगेच हो म्हणू नका. आठवून पाहा. कितव्या रांगेत बसला होतात, डोक्यावर पत्रा होता की स्लॅब, बोलणाऱ्याचा एक शब्द विरायच्या आत त्याच्यावर दुसरा येऊन पडत होता का. हे प्रश्न मला एका माणसाने शिकवले. तो धुळ्यात राहायचा, खोल्या मोजायचा, आणि मला आजही त्याची थोडी भीती वाटते.

सगळे त्यांना नाना म्हणत, मीही नानाच म्हणायचे. कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांची नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा धंदा धरला. कुणाच्या मंगल कार्यालयात भाषण कळत नाही, कुणाच्या शाळेचा नवा हॉल घुमतो, असं झालं की नानांना बोलावणं जायचं. आवाज त्या खोलीत किती वेळ जिवंत राहतो ते नाना मोजून देत आणि कुठे पडदा लावा, कुठे लाकूड ठोका ते सांगत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते जळगाव-धुळे एसटीत. खिडकीशी नाना, आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर पांढऱ्या धोतरात बांधलेलं काहीतरी गोल, मोठ्या भोपळ्याएवढं. पारोळ्याला गर्दी चढली तरी ते त्यांनी उचललं नाही.

"नाना, हाई डोकं कोनं शे?" कंडक्टरने विचारलं. ओळखीचा होता.

"ज्याचं आहे त्यानं अजून मागितलं नाही."

"मंग हाफ तिकीट फाडू का?"

"बारा तोंडं आहेत त्याला. फुल फाड."

आणि त्यांनी खरोखर फुल तिकिटाचे पैसे दिले. मी मागच्या सीटवर होते. वळून त्यांनी माझ्या मांडीवरचा पत्रकांचा गठ्ठा पाहिला, वरचं एक न विचारता उचललं, वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "अक्षर बारीक आहे," म्हणाले. "मागच्या माणसाला दिसणार नाही." तिथून ओळख झाली, आणि मी त्यांच्या मोजण्यांना, मग घरीही जाऊ लागले.

पत्रकांबद्दल थोडं सांगते, कारण पुढे ती मध्ये येणार आहेत. जळगावात माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. मजुरी वाढवा, दारूचं दुकान हलवा, भगताच्या नादी लागू नका. ‘भूत दाखवा आणि बक्षीस घ्या’ हे पत्रक मी दहा वर्षांची असताना बसस्टँडवर वाटलं आहे. त्यामुळे या लेखात पुढे जे येईल ते लिहिताना माझा हात अडखळतो, हे आधीच कबूल करते.

धोतराच्या आत प्लायवूडचा बारा बाजूंचा गोळा होता आणि प्रत्येक बाजूला एक स्पीकर. हा गोळा खोलीच्या मध्ये उंच दांडीवर ठेवायचा. त्यातून एक आवाज निघायचा, पोटातल्या घुरघुरीपासून सुरू होणारा, चढत चढत शिट्टीवर जाणारा आणि शेवटी इतका बारीक की तो संपला की नाही हे कुत्र्यांनाच कळायचं. गोळा गप्प झाला की खोली बोलायची. त्या शेपटीसारख्या उरलेल्या आवाजाची लांबी नानांचा माइक पकडायचा. शब्दांच्या चाचणीसाठी त्यांच्याकडे दुसरा, एकाच तोंडाचा स्पीकर होता. तो वक्त्याच्या जागी ठेवायचा.

पण त्याआधी एक विधी असे. नाना माइक काढत, आणि एका छोट्या लोखंडी डबीच्या भोकात त्याचं टोक घालत. डबीच्या आत रबराची रिंग होती, तिच्यात माइक घट्ट बसला की डबी एकच सूर काढायची. ठरलेल्या उंचीचा, ठरलेल्या जोराचा, चौऱ्याण्णव डेसिबलचा. माइकने तो बरोबर तेवढाच ऐकला पाहिजे. ऐकला की नाना वहीत आकडा लिहीत. मग एक मीटरच्या लाकडी पट्टीवर माइक धरून स्पीकर तपासत. साधा माणूस बोलतो तेवढाच त्याचा आवाज हवा. "ओरडणाऱ्या साक्षीदाराचं कोर्टसुद्धा ऐकत नाही," असं ते म्हणायचे. मग खोली मोजायची. आणि सगळं संपल्यावर, कितीही उशीर झालेला असो, माइक परत डबीत.

"आता परत कशाला? एकदा तपासला ना," मी एकदा म्हटलं.

"आधीचं आणि नंतरचं जुळलं, तरच मधलं खरं."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर मध्ये काय झालं ते कुणालाच माहीत नाही. मलाही नाही."

त्यांच्या सवयी सांगू लागले तर लोक हसतात. रिकाम्या हॉलमध्ये शिरताना ते दार वाजवत. कुलूप त्यांनीच उघडलेलं असायचं, आत कोणी नाही हे त्यांना ठाऊक असायचं, तरी बोटाने दोन टकटक, मग थोडं थांबणं, मग आत. निघताना "येतो" म्हणत. मोजणी उन्हाळ्यात, भर दुपारी करत, कारण आपल्याकडे मे महिन्यात एक ते तीन रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि त्यांना बाहेरची शांतता हवी असायची. मोजताना ते स्वतः आत थांबत नसत. "माझं अंग आवाज खातं," म्हणायचे. दाराबाहेर, तापलेल्या पायरीवर अनवाणी उभे राहून ते दाराच्या फळीला तळहात लावत आणि डोळे मिटत. ज्यांनी हे पाहिलं त्यांनी गावोगाव काय पसरवलं असेल ते वेगळं सांगायला नको. एका गावात तर त्यांना कोंबडं आणि नारळ देऊ केला होता.

गोळा वाजायच्या आधी ते प्रत्येक खोलीची एक मिनिट शांतता नोंदवून घेत. ती कामापुरती लागतेच, पण नाना ती पुसत नसत. त्यांच्या घरी अशा शेकडो शांतता साठवलेल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच खोल्या आता पाडल्या गेल्या आहेत. मला त्यांनी हेडफोन लावून जळगावच्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामाची शांतता ऐकवली. मी म्हटलं, यात काहीच नाही. ते म्हणाले, थांब. मग दुसऱ्या खोलीची ऐकवली. आणि खरोखर, दोन्हीत काहीच नव्हतं, पण ते काहीच वेगवेगळं होतं. एकात कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं. दुसऱ्यात कोणीतरी श्वास रोखून उभं असल्यासारखं.

"खोली मोकळी कधीच नसते," नाना म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

चहा त्या स्वयंपाकघरात व्हायचा जिथे मी कधीच निवांत बसू शकले नाही. लहानशी खोली, चुन्याच्या भिंती, शहाबादी फरशी, आणि ओट्याशेजारी भिंतीला टेकवलेला एक पाट. त्या पाटावर नाना कुणाला बसू देत नसत. नानांची बायको, काकू, जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्या शाळेत शिकवायच्या. नानांनी एकदा फळीवरून आलेखाचा कागद काढला. त्यावर दोन रेघा होत्या, वर एक, खाली एक, दोन्ही जवळजवळ.

"हे हेच स्वयंपाकघर," त्यांनी सांगितलं. "नवा माइक आला तेव्हा गंमत म्हणून मोजलं होतं. वरची रेघ खोली रिकामी असतानाची. खालची, ही पाटावर बसली होती तेव्हाची. माणूस बसला की त्याचं अंग, त्याचे कपडे आवाज पितात. लहान खोलीत एका माणसाचासुद्धा फरक दिसतो."

मग त्यांनी दोन रेघांच्या मधल्या पांढऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

"ही एवढी ती."

मी त्या पांढऱ्या पट्टीकडे पाहिलं.

"दर वर्षी ती गेली त्या तिथीला मी परत मोजतो. रेघ वरच येते." त्यांनी कागदाची घडी घातली. "खाली आली तर कळेल."

माझ्या ओठांवर बसस्टँडवरची सगळी पत्रकं येऊन थांबली होती. पण त्या घरात ती मला वाटता आली नाहीत.

आता मूळ गोष्ट. धुळ्याकडचं एक छोटं गाव. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना त्यात पुढेही राहायचं आहे. गावाच्या गायरानावर खडीचा क्रशर येणार होता. गायरानाला लागून शाळेची भिंत, आणि त्या गवतावर तीस घरांच्या शेळ्या. ग्रामसभेने क्रशरला मंजुरी दिल्याचा ठराव कागदावर होता, ‘सर्वानुमते’ या शब्दासह. आणि गावातल्या बाया सांगत होत्या की आम्हाला काहीच ऐकू आलं नाही.

त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला सगळे अक्का म्हणत. तिच्या सहा शेळ्या होत्या आणि दुसरं काही नव्हतं. तिने मला नव्या सभागृहात नेलं, उंच पत्र्याचं, तिन्ही बाजूंना गुळगुळीत फरशी लावलेलं, आणि शेवटच्या भिंतीशी बसून दाखवलं.

"मी आठेच बठेल व्हती, माय. पुढे तो काय वाचे, माले काही समजनं नही. नुसतं पाखरं फडफडतस तसं वाटे."

"मग हात का वर केला, अक्का?"

"पुढलास्नी कया, म्हनीसन आम्ही बी कया."

मी तालुक्याच्या साहेबांकडे अर्ज घेऊन गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "ताई, ऐकू आलं नाही हे कुणीही म्हणेल. उद्या हरलेला प्रत्येक जण म्हणेल. पुरावा आणा, नाहीतर ठराव कायम." पंधरा दिवसांची मुदत मिळाली. बायांची सही नव्हे, अंगठे नव्हे, पुरावा. मला बसमधला गोळा आठवला.

नाना आले. सभागृहात गोळा दांडीवर चढला तेव्हा अक्का त्याच्याभोवती एक फेरी मारून आली.

"बारा तोंडे शेतस, आन् कान एक बी नही."

"कान माझ्या पिशवीत आहे, अक्का," नाना म्हणाले.

डबी, सूर, आकडा. मग आम्ही सगळे बाहेर. नानांनी दाराला तळहात लावला. आतून ती घुरघुर निघाली. आवाज चढत गेला आणि गावातली कुत्री एकामागून एक उठून तोंड वर करून उभी राहिली. एकही भुंकलं नाही. नुसती उभी राहिली, सभागृहाकडे तोंड करून. शिट्टी ऐकू येईनाशी झाल्यावरही ती बराच वेळ तशीच होती. मग पत्र्याच्या आतून खोलीचं बोलणं आलं, लांबच लांब, विरता विरेना. बायांनी पदर तोंडावर घेतले.

आकडा आम्हाला हवा होता तसाच आला, त्याहून चांगला. एवढ्या घुमणाऱ्या खोलीत मागे बोलणं कळणं शक्यच नव्हतं. मी वहीत डोकं घालून तो उतरवून घेतला. आणि नानांनी माइक परत डबीत घातला.

जुळलं नाही. थोडंथोडकं नव्हे, चांगलं दीड डेसिबलने खाली आलं. नानांनी पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग लाल पेनाने पानभर तिरकी रेघ ओढली आणि ‘रद्द’ लिहिलं.

मी भांडले. मी म्हटलं, नाना, खोली किती घुमते ते तुम्हाला कानाने ऐकू येतंय, दीड डेसिबलने काय बदलणार आहे, इथे तीस घरांचा प्रश्न आहे. ते सामान आवरत होते.

"मध्ये काय झालं मला माहीत नाही," एवढंच म्हणाले. निघताना रिकाम्या सभागृहाला "येतो" म्हणाले आणि पहिली बस पकडून गेले.

त्यानंतर मी जे केलं ते कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. मी वडिलांच्या छापखान्यात तो आकडा छापला. मोठ्या अक्षरात, मागच्या माणसालाही दिसेल असा. ‘शास्त्रीय मोजणीने सिद्ध’ असं वर. गावात, तालुक्याला, धुळ्याच्या बसस्टँडवर वाटला. चार दिवस मला वाटलं आम्ही जिंकलो.

क्रशरवाल्यांनी आणलेल्या माणसाने साहेबांसमोर एकच प्रश्न विचारला. तपासणीचा कागद कुठे आहे, आधीचा आणि नंतरचा? साहेबांनी नानांना बोलावून घेतलं. नाना आले, या वेळी गोळ्याशिवाय. समोर अक्का आणि दहा-बारा बाया खाली बसलेल्या. माझं पत्रक साहेबांच्या टेबलावर.

"हा आकडा तुमचा?"

"माझ्या माइकचा. पण मी तो रद्द केला आहे."

"म्हणजे खोटा?"

"खोटा आहे असं मी म्हटलं नाही. खरा आहे असंही म्हणणार नाही."

क्रशरवाल्यांचा माणूस हसला. मी नानांकडे पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मला वाटलं बाया त्यांच्यावर तुटून पडतील. अक्काने नानांना झाडाखाली बसवून पाणी दिलं आणि मग माझ्याकडे वळली.

"तू बी आमनासारखंच कयं, माय. त्यानी सांगं नही ते तू ऐकी लिधं."

मुदतीचे चार दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी नानांचा फोन आला. डबी उघडून पाहिली होती. आतली रबराची रिंग तडकली होती. मोजणी चालू असताना त्यांनी डबी सभागृहाच्या खिडकीत ठेवली होती, आणि खिडकीत ऊन होतं. माइक बरोबरच ऐकत होता, डबीचाच सूर फटीतून गळत होता. "आयुष्यभर सामान सावलीत ठेवलं," म्हणाले. "त्या दिवशी कुत्र्यांकडे बघत राहिलो."

"म्हणजे आकडा खरा होता," मी जवळजवळ ओरडले.

"खरा होता हे मला आज कळलं. तू छापलास तेव्हा तुला माहीत नव्हतं."



नानांनी साहेबांना स्वतः फोन केला. चूक माझी, परत मोजतो, तुम्ही आणि समोरच्यांचा माणूस दोघंही या. समोरच्यांची एक हरकत होती, आणि ती बरोबर होती. तुम्ही हॉल रिकामा मोजलात, ग्रामसभेला तो भरलेला होता, माणसं आवाज पितात. नाना म्हणाले, "मग माणसं बसवू."

तो दिवस मुदतीचा शेवटचा. दुपारी दीडला दोनशे माणसं त्या पत्र्याखाली ग्रामसभेला बसली होती तशीच बसली. पुरुष पुढे, बाया मागे. पंखे बंद. नानांनी दारातून सांगितलं, खोकला आला तर आत्ताच खोकून घ्या. बायांनी आपण होऊन बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या आणि पदराने आवळून बांधल्या. नानांनी साहेबांना शेवटच्या भिंतीशी, अक्काच्या शेजारी जमिनीवर बसवलं. क्रशरवाल्यांचा माणूस पलीकडे. मी त्यांच्या मध्ये, लिहून घ्यायला. नव्या रिंगची डबी क्रशरवाल्यांच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आकडा त्यानेच वहीत लिहिला.

गोळा वाजून गेला. दोनशे माणसांत एक पापणी हलली नसेल. मग पुढच्या रिकाम्या खुर्चीवर एका तोंडाचा स्पीकर ठेवून नाना बाहेर गेले आणि दार लागलं.

त्यातून एका बाईचा आवाज आला.

"नीट ऐका, शब्द आहे," आणि मग काहीतरी. थोडा वेळ शांत. "नीट ऐका, शब्द आहे," आणि परत काहीतरी. शंभर शब्दांची यादी होती, साधे शब्द, वाट, पान, कान, घास. जे ऐकू येईल ते साहेबांनी आणि समोरच्यांच्या माणसाने आपापल्या कागदावर लिहायचं, अक्काने माझ्या कानात सांगायचं आणि मी लिहायचं. ‘नीट ऐका’ दर वेळी सारखंच यायचं म्हणून ते कळायचं. त्यापुढचं पत्र्यात वर जाऊन फुटायचं. आवाज शांत होता, शाळेतल्या बाईचा. घाईत नव्हता, रागात नव्हता. तो शंभर वेळा नीट ऐका म्हणाला. काकूंना मी कधी ऐकलं नव्हतं, पण पन्नासाव्या वेळी मला कळलं की हा त्यांचाच आवाज आहे; नानांनी नंतर ते सांगितलं. अंथरुणांनी भरलेल्या कपाटात बसवून नानांनी तो कधीतरी नोंदवला होता, आणि खानदेशातल्या प्रत्येक हॉलमध्ये ती बाई मेल्यावरसुद्धा विचारत होती, शब्द आहे, शब्द आहे. आणि नाना दर वेळी दाराबाहेर, फळीला हात लावून.

साहेबांचा कागद आणि अक्काचा कागद सारखाच निघाला. दोघांनाही निम्म्याहून कमी शब्द मिळाले होते. जिथे शब्द होता ‘घास’ तिथे साहेबांनी ‘हात’ लिहिलं होतं. क्रशरवाल्यांच्या माणसाचा कागद त्याने मुठीत धरला, पण मी मागितल्यावर दिला. नाना आत आले, माइक डबीत घातला. जुळलं. शेवटच्या दशांशापर्यंत.

दोनशे माणसांनी एकदम श्वास सोडला आणि बांगड्या खाली आल्या. त्या आवाजाइतका मोठा आवाज मी आजवर कुठल्या मोर्चात ऐकलेला नाही.

"ती बाई कोन व्हती, नाना?" अक्काने विचारलं. "काय मांगी राहिनी व्हती?"

"दिलेले शब्द परत मागत होती," नाना म्हणाले. ते वायर गुंडाळत होते.

साहेबांनी ठराव पुन्हा मांडायचा हुकूम दिला. नवी ग्रामसभा उघड्यावर, शाळेच्या पटांगणात झाली. ग्रामसेवकाने वाचायला सुरुवात केली, आणि शेवटच्या रांगेतून अक्का उभी राहिली. "ऐकू येत नही." त्याने आवाज चढवला. ती परत उभी राहिली. तिसऱ्यांदा तो कागद घेऊन चालत मागे आला आणि तिच्यासमोर उभं राहून वाचला. मग हात मागितले. पुढच्या रांगेत काही वर गेले. मागे एकही नाही. क्रशर आला नाही. अजून तरी नाही.

नाना यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर गेले. त्यांच्या पुतण्याने मला बोलावून माइक-डबीची पेटी दिली, गोळा दिला आणि घराची किल्ली दिली, "काय कागद हवे ते घेऊन जा, मग घर विकायचंय." सामान गेलेलं होतं. स्वयंपाकघरात भांडी नाहीत, फळ्या नाहीत, पाटही नाही. नुसत्या चार भिंती आणि फरशी. आलेखाचा कागद मला ओट्यावरच मिळाला.

मी का मोजलं, मला सांगता येणार नाही. त्या दिवशी काकूंची तिथी होती, नानांची मोजणी चुकायला नको, एवढंच मनात होतं. दार वाजवलं. माइक डबीत घातला, आकडा लिहिला. गोळा ठेवला. दाराबाहेर अनवाणी उभी राहिले आणि फळीला हात लावला.

रिकामी, भांडी काढलेली खोली. रेघ वरच्या रेघेच्याही वर जायला हवी होती. ती काकूंच्या रेघेखाली आली. जेवढं अंतर वरच्या दोन रेघांमध्ये होतं, जवळजवळ तेवढंच, आणखी एका माणसाएवढं, अंतर सोडून.

मी माइक परत डबीत घातला. डबी सावलीतच होती. जुळलं. दुसऱ्यांदा पाहिलं, जुळलं.

‘भूत दाखवा आणि बक्षीस घ्या’ हे पत्रक मी मागे घेत नाही. त्या खोलीचं काही कारण असेल, ओल असेल, चुना असेल, ते सापडेल. पण ज्या नियमावर तीस घरांचं गवत वाचलं, तो नियम मला नको ते सांगतो म्हणून मी मोडणार नाही. मी वहीत तो आकडा लिहिला. लाल पेन काढला नाही. आणि निघताना "येते" म्हटलं.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावात, वॉर्डात, सोसायटीत, शाळेच्या पालकसभेत, पुढची सभा जिथे असेल तिथे लवकर जा आणि शेवटच्या भिंतीशी बसा. सुरू व्हायच्या आधी उभं राहून मोठ्याने विचारा, मागे ऐकू येतं का. हात मागायच्या आधी शेवटच्या रांगेतल्या एका माणसाला विचारा, काय ऐकलंस ते सांग. पुढे वाचलं ते आणि मागे पोचलं ते जुळलं, तर खुशाल हात वर करा. जुळलं नाही तर हात खाली ठेवा, आणि ‘मागे ऐकू आलं नाही’ हे चार शब्द त्याच दिवशी, तुमच्या समोर, इतिवृत्तात लिहून घ्या. लिहून होईपर्यंत उठू नका.